मुक्या घंटांची गाडी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतक्या जुन्या, की तेव्हा रस्त्यांना नावं नव्हती, भीती होत्या. तळ्याकाठच्या रस्त्यावर मगरीची भीती, चिंचेखालच्या रस्त्यावर हडळीची, आणि समुद्राकडे उतरणाऱ्या घाटात माणसांची. मगर कुणी पाहिली नव्हती. हडळही कुणी पाहिली नव्हती. घाटातली माणसं मात्र लोकांनी पाहिली होती, लांबून. ती काळीकुट्ट असतात, त्यांच्या खांद्यावर कुऱ्हाडी असतात आणि ती बोलत नाहीत, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीचं ज्याने त्याने आपापल्या कुवतीप्रमाणे भरून घेतलं होतं.

त्या देशाच्या राजाने एका वर्षी सुगी संपल्यावर दवंडी पिटवली, की चार दिवस कुणीही कामाला हात लावायचा नाही. नांगर, माग, चाक, हातोडा, सगळं बंद. लोक आधी घाबरले. राजाची तब्येत बरी आहे ना, म्हणून चौकशी करून आले. मग खूश झाले.

माळावरच्या एका गावात, महिन्याभरापूर्वी लग्न होऊन आलेली एक मुलगी होती. ती फार कमी बोलायची. सासरच्या घराला तिचा आवाज अजून नीट ओळखूही येत नव्हता. पण तिचे डोळे कधी रिकामे बसत नसत. कुठल्या गाडग्याला तडा गेला आहे आणि कुठल्या शेजारणीला, हे तिला आठवड्याभरात कळलं होतं.

तिच्या नवऱ्याने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तिला शब्द दिला होता, "तुला समुद्र दाखवीन." दवंडी ऐकली तशी त्याने गाडीच्या चाकांना वंगण घातलं.

सहल दोघांची ठरली. गाडीत तिघं बसली.

"नव्या जोडप्याने एकट्याने घाट उतरायचा? लोक काय म्हणतील? आणि चोर काय करतील?" असं म्हणत सासू सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली.

सासू वाईट नव्हती. भित्री होती, आणि भित्र्या माणसाला असावं लागतं तेवढी हुशारही होती. तिने दशम्या घेतल्या, तिळाची चटणी घेतली, तीन घोंगड्या घेतल्या. समुद्राकाठी वडे करायला डबाभर उडदाचं पीठ घेतलं. सोन्याच्या चार पाटल्या घरी ठेवायची तिला भीती वाटली, म्हणून त्या सोबत घेतल्या. हातात घालायचीही भीती वाटली, म्हणून त्या पिठात पुरल्या.

"उडदाचं पीठ प्रवासात कोण मागतंय?" ती सुनेला हळूच म्हणाली.

मग दर कोसाला ती डब्यावर हात ठेवून पाहायची. सुनेच्या मनात आलं, चोर आला तर त्याला शोधायचा त्रासच पडणार नाही.

घाटाच्या तोंडाशी सासूने गाडी थांबवली. खाली उतरली. उशीचा कोपरा उसवून तिने मूठभर कापूस काढला आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटांमध्ये ठासून भरायला सुरुवात केली.

"आई, हे काय?" मुलगा म्हणाला. "घाटात घंटा वाजत्या ठेवतात म्हणे."

"कोण म्हणतं?"

"गाडीवाले म्हणतात."

"त्यांच्या पिठात पाटल्या असतात का?"

त्याने कासरा हलवला. माणक्या आणि हौश्या हे दोन्ही बैल दोन पावलं चालले आणि थांबून मान वळवून पाहायला लागले. जन्मभर सोबत असलेला आवाज गेला कुठे, हे त्यांना कळेना.

घाट सुरू झाला. ऊन होतं, पण ते झाडांच्या शेंड्यांवरच अडकलं होतं. खाली सगळं हिरवट, काळपट. कुठेतरी कुऱ्हाडीचे घाव पडत होते, एकसारखे, संथ. गाडी पहिल्या वळणावर आली आणि ते घाव थांबले.

एकदम थांबले. एखाद्याने दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवावा तसे.

"ऐकलंस?" सासू कुजबुजली. सुनेने ऐकलं होतं.

दुसऱ्या वळणावर रस्त्याच्या कडेला एक चूल दिसली. तीन दगडांची. जाळ होता. तव्यावर भाकरी होती, एका बाजूने फुगत आलेली. बाजूच्या ओंडक्यात कुऱ्हाड रुतलेली होती आणि तिचा दांडा अजून थरथरत होता. माणूस मात्र एकही नव्हता.

तव्यावरची भाकरी करपायला सोडून कुणी उठून जात नाही. सुनेला हे ठाऊक होतं. जो उठला तो आत्ता उठला, आणि फार लांब गेलेला नाही. झाडीतून कुणीतरी आपल्याकडे पाहतं आहे, असं तिला पाठीवर जाणवलं. तिने पदर आवळून घेतला.

"हाक गाडी," सासू म्हणाली. "जोरात हाक."

उतारावर गाडी जोरात हाकायची नसते. पण भीतीने मागून ढकललं की हाताला विसर पडतो. तिसऱ्या वळणावर चाक एका दगडावरून आपटलं आणि गाडीच्या पोटातून कडकन आवाज आला. दोन्ही चाकं ज्यावर फिरतात तो लाकडी आस तडकला होता. गाडी तिरकी होऊन घसरू लागली. नवरा खाली उडी मारून पुढे धावला, चाकाखाली दगडाची उटी लावायला वाकला, आणि तेवढ्यात आस पुरता मोडला.

गाडी एका अंगाला बसली. त्याच्या पायावर.

त्याच्या ओरडण्याने रानातले पक्षी उडाले. मग तो ओरडायचा थांबला, आणि ते जास्त वाईट होतं.

दोघी बायका गाडीखालून त्याला ओढू लागल्या. तो हलेना. गाडी उचलू लागल्या. ती हलेना. गुडघ्याखाली, नडगीवर गाडीची सगळी बाजू टेकली होती. पाय पुढे नको तिथे वळलेला सुनेला दिसला. तिने नजर काढून घेतली आणि पुन्हा तिथेच लावली. कुणीतरी पाहायला हवं होतं.

"हाक मारू या," ती म्हणाली.

सासूने तिचं मनगट धरलं. "वेडी आहेस? हाक ऐकून कोण येईल, सांगता येतं का? आपण दोघी बायका, हा असा पडलेला. गप्प राहा. कुणी गाडीवाला येईल मागून. आपल्यातला कुणी येईल."

तशा त्या गप्प राहिल्या.

बाळगोपाळांनो, आणि त्यांच्या आयाबापांनो, आता ही वेळ कशी गेली ते ऐका. सूर्य डोक्यावर होता, तो कलला. मागून कुणी आलं नाही, पुढून कुणी आलं नाही. राजाने सुट्टी दिली होती. माल घेऊन जाणाऱ्या गाड्या घरीच होत्या, आणि सहलीला निघालेल्या शहाण्यांनी लांबचा, सपाटीचा रस्ता धरला होता. हौश्या जोखडात मान अडकून गुडघ्यांवर बसला होता. त्याला सोडवायला दोघींचं बळ पुरेना. नवरा सुरुवातीला हसायचा प्रयत्न करत होता.

"समुद्र कुठे पळून जात नाही," तो बायकोला म्हणाला.

थोड्या वेळाने त्याने पाणी मागितलं. मग तो थंडी वाजते म्हणाला. भर दुपारी. मग तो काहीच म्हणेना. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला, तर कपाळ गार आणि ओलं होतं. पाय मात्र सुजत चालला होता. मघाशी जिथे घोटा दिसत होता तिथे आता घोटा दिसत नव्हता.

सुनेच्या मनात दोन भीती समोरासमोर उभ्या राहिल्या. एक झाडीत होती, जी दिसत नव्हती. दुसरी मांडीवर डोकं ठेवून पडली होती, आणि दर श्वासाला हलकी होत होती.

ती उठली आणि ओरडायला तिने तोंड उघडलं. तोंडातून नुसती हवा आली. महिनाभर न वापरलेला आवाज ऐन वेळी मिळेना. तेव्हा ती माणक्यापाशी गेली, त्याच्या घंटेत बोट घालून तिने कापूस उपसून काढला आणि गळ्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला.

घाटभर आवाज घुमला.

"अगं, काय केलंस हे! काय केलंस!" सासूने पिठाचा डबा पोटाशी धरला.

घंटेचा आवाज विरला. झाडीत काहीतरी मोडलं. मग अजून एक फांदी, जवळ. मग पावलं.

ते पाच जण होते. डोक्याच्या केसांपासून पायाच्या नखांपर्यंत काळे. डोळ्यांचं पांढरं तेवढं दिसत होतं. प्रत्येकाच्या हातात कुऱ्हाड होती, आणि ती खांद्यावर नव्हती. समोर धरलेली होती. त्यांच्यामागून एक म्हातारी आली, तशीच काळी, कंबरेला कोयता.

कुणी एक शब्द बोललं नाही. "कोण तुम्ही?" नाही, "काय झालं?" नाही. त्यांनी गाडीकडे पाहिलं, गाडीखालच्या माणसाकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं.

मग दोघे पुढे आले आणि त्यांनी बैल सोडले.

"गेले!" सासू पुटपुटली. "बैल गेले!"

एकाने माणक्याला आणि हौश्याला झाडीत नेलं. दुसऱ्याने गाडीतल्या घोंगड्या उचलल्या. तिसरा गाडीवर चढला आणि त्याने कुऱ्हाडीने गाडीचा बाजूचा दांडा तोडायला सुरुवात केली. सासू डोळे गच्च मिटून देवाचं नाव घेत होती. सून डोळे मिटू शकत नव्हती. घंटा तिने वाजवली होती. आता इथून पुढे जे होईल ते तिच्या हाताने झालेलं असणार होतं. आपल्या नवऱ्याला आपणच मारलं की काय, असं तिला वाटून गेलं.

चौथा माणूस कुऱ्हाड घेऊन नवऱ्याच्या डोक्याशी आला.

ती मध्ये उभी राहिली. तिच्या हातात काहीच नव्हतं. तिने दोन्ही हात नुसते पसरले. हातातल्या हिरव्या बांगड्या वाजल्या.

त्या माणसाने तिच्याकडे पाहिलं. मग हळूच कुऱ्हाड खाली, तिच्या पायाशी ठेवली, तिला वळसा घातला, गुडघ्यांवर बसला आणि नवऱ्याच्या खांद्यांखाली आपले दोन्ही हात घातले.

तेव्हा सुनेने पहिल्यांदा चेहरे सोडून हात पाहिले. ज्याने बैल सोडले होते, त्याने आधी हौश्याच्या आवळलेल्या मानेखाली तळवा सरकवला होता, मग दोर काढला होता. ज्याने दांडा तोडला होता, तो त्याचं टोक गाडीखाली सरकवत होता, तरफ म्हणून. घोंगड्या नेणाऱ्याने त्या दोन बांबूंना बांधून झोळी केली होती. चोर घाई करतात. हे हात घाई करत नव्हते.

म्हातारीने मान हलवली. तिघांनी दांड्यावर भार टाकला, गाडी वीतभर उचलली गेली, आणि खांद्यांशी बसलेल्याने नवऱ्याला बाहेर ओढलं.

झोळी रानात शिरली. मागून सून, तिच्या मागून सासू, डबा पोटाशी धरून. वाट म्हणून काही नव्हतंच. फांद्या पदराला ओढत होत्या. कुठे नेतात, ते अजूनही कुणी सांगत नव्हतं. हातांवर विश्वास ठेवावा असं सुनेला वाटत होतं, पण भीती अजून गेली नव्हती. ती झोळीची कड धरून चालत राहिली.

थोड्या वेळाने झाडी उघडली. पाच-सहा झोपड्या होत्या. मोकळ्या जागेत मातीने लिंपलेले मोठाले ढीग धुमसत होते, त्यांच्या भेगांमधून धूर येत होता. त्या कोळशाच्या भट्ट्या होत्या. माणसं काळी का, एवढं तरी कोडं सुटलं. माणक्या आणि हौश्या एका झोपडीपुढे उभे राहून गवत खात होते. सासूने त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

म्हातारीने नवऱ्याला चटईवर निजवलं. दोन बोटांनी पाय चाचपला. तो तळमळला. तिने पायाला हात लावला, सोडला, पुन्हा लावला. मग ती पहिला शब्द बोलली.

"उडीद."

सगळे तिच्याकडे वळले.

"हाड बसवीन," म्हातारी म्हणाली. "बांबूच्या कामट्या आहेत, अंडी आहेत. पण वरून उडदाच्या पिठाचा लेप पाहिजे. तो वाळून दगड होतो, मग हाड हलत नाही. आमच्याकडे नाचणी. उडीद खालच्या गावात. जायला-यायला उद्याची दुपार होईल. तोवर सूज अशी चढेल, की पाय माझ्या हातून जाईल."

सुनेने सासूकडे पाहिलं. सासूने डबा पदराखाली घेतला.

"आमच्याकडे..." सासू अडखळली. "आमच्याकडे उडीद नाही."

पाच कुऱ्हाडी झोपडीच्या कुडाला टेकवून ठेवलेल्या होत्या. पाचही माणसं दारात उभी होती. सासूच्या डोळ्यांत सुनेला सगळं वाचता येत होतं: डबा उघडला की सोनं दिसेल, सोनं दिसलं की हात बदलतील, आणि मग पायच काय, कुणीच उरणार नाही. आणि खरं सांगायचं तर, ही भीती खोटीच आहे, असं म्हणायला सुनेकडेही पुरावा नव्हता. तिच्याकडे होते फक्त तिने पाहिलेले हात.

"आहे," ती म्हणाली. या वेळी आवाज मिळाला, आणि तो तिचा तिलाच मोठा वाटला. "उडदाचं पीठ आहे. डबाभर आहे."

"सूनबाई!"

"आत्याबाई, डबा द्या."

"तुला कळत नाही..."

"मला कळतं. द्या."

सासू हलली नाही. तेवढ्यात चटईवरून मुलाच्या तोंडून "आई गं" असा एक बारीक आवाज आला. लहानपणी ताप भरला की यायचा, तसा. सासूने पदर बाजूला केला, डबा पुढे ढकलला आणि तोंड फिरवलं.

म्हातारीने झाकण काढलं. पिठात हात घातला. एक पाटली बाहेर आली. दुसरी आली. तिसरी. चौथी. पिठाने माखलेलं सोनं, त्या धुरकट झोपडीत, चुलीच्या उजेडात चमकायला लागलं.

दारातली पाचही माणसं पाहत होती. कुणी हललं नाही. सुनेला बाहेर गवत चावणाऱ्या बैलांचा आवाज ऐकू येत होता.

म्हातारीने पाटल्यांवरचं पीठ नखाने खरवडून काढलं, अगदी कडेकडेचंसुद्धा, आणि ते परत डब्यात टाकलं. पाटल्या तिने जमिनीवर, बाजूला सारल्या.

"ह्या वाटेत नको," ती म्हणाली. "हाडाला सोनं लागत नाही."

मग तिने दोघांना खांदे धरायला लावले, एकाला मांडी, आणि सुनेला म्हणाली, "बाय, तू त्याचं तोंड बघ. पायाकडे बघू नको."

नवरा एकदा ओरडला. हाड बसल्याचा आवाज सुनेच्या कानात गेला तो आयुष्यभर राहिला. मग पिठात अंडी फोडली गेली, लेप थापला गेला, कामट्या बांधल्या गेल्या. दिवस मावळायला आला तेव्हा त्याच्या गालांवर थोडा रंग आला होता. म्हातारीने नाचणीच्या भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून त्याच्या तोंडात घातला. त्याने तो गिळला.

आणि त्या क्षणी झोपडीत गलका झाला.

"कुठलं गाव हो तुमचं?"

"माळावरचं का? तिकडे पाऊस कसा झाला?"

"ह्या डाव्या बैलाचे दात किती? काय नाव त्याचं?"

"मावशी, पाटल्यांचे वडे कसे लागतात? तळून खायचे का उकडून?"

सगळे एकदम बोलत होते. दारातून अजून चार बायका आत घुसल्या आणि त्याही बोलायला लागल्या. मघाशी ज्यांच्या गप्प राहण्याने अंगावर काटा आला होता, त्यांना आता गप्प कसं करावं ते कळेना. सून चकित होऊन या तोंडाकडून त्या तोंडाकडे पाहत राहिली.

"घाबरू नको, बाय," म्हातारी हसली. "आमची रीतच आहे. रस्त्यात पडलेल्या माणसाला नाव, गाव, जात काही विचारायचं नाही. विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आवडलं नाही की हात थांबतो. त्यापेक्षा त्याच्या पोटात घास जाईपर्यंत बोलायचंच नाही. औषधापुरतं काय ते मी बोलते. ह्या मेल्यांच्या पोटात दुखायला लागतं तोवर."

सासूने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग भीत भीत तिने तिचा एकच प्रश्न विचारला. "पाय पहिल्यासारखा होईल ना?"

म्हातारीचं हसू गेलं. "चालेल. पहिल्यासारखा नाही. बोटभर आखूड राहील, लंगडेल. फार सुजल्यावर हाड पुरतं जागेवर जात नाही. दुपारी हाती लागता तर पळता झाला असता. तुम्ही पडलात कधी?"

"दुपारीच," सून म्हणाली.

"दुपारी?" ज्याने कुऱ्हाड खाली ठेवली होती तो पुढे आला. "आम्ही दुपारी तिथेच होतो. वरच्या वळणाला. चूल पेटलेली होती आमची. घाटात गाडीची घंटा चालती असली की आम्ही ऐकत असतो. घंटा मध्येच थांबली, की समजायचं गाडी अडली, खाली उतरायचं. तुमची घंटा का नाही वाजली?"

सासूच्या नखांत कापसाचे धागे अजून होते. ती त्यांच्याकडे पाहत होती.

"घंटा मुक्या करून येतात ते लाकूडचोर," तो म्हणाला. "गेल्या साली त्यांनी आमच्यातल्या एकाचा हात तोडला. तुमची मुकी गाडी पाहिली आणि आम्ही भाकरी तव्यावर टाकून झाडीत लपलो. मोडल्याचा आवाज ऐकला, ओरडणंही ऐकलं. मी म्हटलं, जाऊ या."

"आणि मी म्हटलं, नको," म्हातारी म्हणाली. तिने मान खाली घातली होती. "म्हटलं, सोंग असेल. पुढे घंटा वाजली तेव्हासुद्धा कुऱ्हाडी पुढे धरून आलो. तेवढी चूक माझीही आहे, बाई."

दोन बाजूंनी दुपारभर एकमेकांना भीत बसलेली माणसं, आणि मध्ये गाडीखाली एक पाय. सुनेला ते चित्र स्वच्छ दिसलं. तिला रडू आलं आणि थोडं हसूही आलं. तिने दोन्ही पदरात लपवलं.

राजाची चार दिवसांची सुट्टी त्यांनी कोळसेवाल्यांच्या वस्तीत काढली. समुद्र काही दिसला नाही. वस्तीतल्या माणसांनी तिवसाच्या लाकडाचा नवा आस घडवून गाडीला बसवला. सासूने तिथल्या बायकांना दशम्या शिकवल्या आणि तीन दिवसांत तिला प्रत्येकीच्या सासूचं वाईट काय ते कळलं. निघताना तिने एक पाटली म्हातारीच्या हातात कोंबली. म्हातारीने ती उलटसुलट करून पाहिली आणि परत केली.

"भट्टीजवळ तापते," ती म्हणाली. "चटका बसेल. पुढच्या खेपेला उडीद आणा."

गाडी गावात आली. दोन महिन्यांनी लेप फुटला आणि नवरा उभा राहिला. चालायला लागला तो लंगडतच. गावच्या लोकांना तर हेच हवं होतं. घाटाच्या भीतीला इतका ताजा पुरावा बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता.

"चोरांनी मोडला ना पाय?" पारावर बसलेल्या एकाने विचारलं. "त्या काळ्यांनी? आम्ही सांगतच होतो."

सासू तिथूनच चालली होती, सून मागे. सून मनात म्हणाली, आता आत्याबाई काय सांगतात ते बघू. 'हो' म्हणणं सोपं होतं. 'हो' म्हटलं असतं तर लोकांनी हळहळून तिला बसायला जागा दिली असती.

सासू थांबली. सगळ्या पाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "पाय मोडला गाडीने. जोडला त्या काळ्या माणसांनी. आणि लंगडा केला मी, माझ्या भीतीने. ह्यातलं काही सांगायचं असेल तर सगळं सांगा, नाहीतर काहीच सांगू नका."

पारावरचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. नंतर त्यांच्यातल्या काहींनी ते सगळं सांगितलं, काहींनी अर्धंच सांगितलं. पण पुढच्या सुगीला त्या गावातून तीन गाड्या घाटाच्या रस्त्याने निघाल्या, आणि तिन्हींमध्ये उडदाची पोती होती.

नवरा मात्र जन्मभर लंगडत चालला, आणि त्याची बायको जन्मभर त्याच्या पावलाला पाऊल जुळवून हळू चालली.

तात्पर्य: जो प्रत्येक अनोळखी माणसाला चोर समजतो, तो मदतीची वाट स्वतःच्याच हाताने बंद करतो, म्हणून माणसाचा चेहरा पाहून ठरवू नये, त्याचे हात काय करतात ते पाहावं.